सहजीवन आणि सौहार्द

दुर्मिळ वस्तूला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबराची फुले दुर्मिळ नसून झाकलेली असतात; एकेका फळाच्या पोटात ती शेकड्यांनी दडलेली आढळतात. भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाताना ओढ्याकाठच्या उंबराचे एखादे फळ फोडून पाहावे. आतील किड्यांची आपणांस किळस येते. परंतु ते नसतील तर त्या वृक्षाला बीच धरणार नाही. गांधीलमाशीच्या कुळातील ही चिमुकली मादी फळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की बहुधा तिचे पंख तेथेच तुटतात. आत काही फुलांत ती अंडी घालते, काहींना दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग देते आणि तेथेच मरते. तिच्या पोटी येणाऱ्या नरांना तर पंखच नसतात. माद्यांशी समागम करावा, त्यांच्यासाठी बाहेरची वाट कोरावी आणि संपावे, एवढेच त्यांचे आयुष्य.

एवढे कळले की परोपकाराचा धडा काढण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरलेला बरा. फळात बाहेरूनच अंडी घालून, परागांचा काहीही मोबदला न देता निघून जाणारे कीटकही त्याच उंबरावर पोसले जातात. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पण 1869 साली हे मांडणाऱ्या श्वेंडेनरला त्यात बुरशी धनी आणि शैवाल दास दिसले! डी बारीने 1879 साली सहजीवनाची संज्ञा रूढ केली, तेव्हा तिच्यात परोपजीवनालाही जागा ठेवली. एकत्र राहणे हे केवळ वर्तमान आहे. त्यास सद्गुण म्हणता येत नाही.

तरीही माणसांच्या बाबतीत ‘एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून ते सलोख्यानेच राहतील’ असे आपण निःशंकपणे बोलतो. ही समजूत पारखण्यास भिवंडीइतके योग्य गाव विरळा. यंत्रमागांच्या या गावात सूत पुरविणारा, कापड विणणारा आणि माल उचलणारा यांचे धर्म अनेकदा निराळे, पण पोट एकाच कापडावर. गरजेतूनच सौहार्द उपजत असते, तर ते येथे ओसंडून वाहिले असते. प्रत्यक्षात 1970 आणि 1984 या दोन्ही साली हेच गाव दंगलींनी होरपळले.

पुढे 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे एकत्र बसू लागली. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. धंद्यातील परस्परावलंबन 1984 मध्येही होतेच. नव्हत्या त्या या बैठका. तेथे येणाऱ्यांच्या मनात धंदा बुडू नये हा हिशेबही असेल, आणि असला तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु उंबराच्या फळाशी पोहोचलेल्या मादीला आत न शिरण्याची मुभा नसते. त्या माणसांना मात्र दार लावून घरी बसण्याची पूर्ण मुभा होती.