मोकळी पुली

वचन : याकोब १:२२



या ठिकाणी याकोब आम्हांस असे बजावितो की, जो वचन केवळ ऐकतो व त्याप्रमाणे आचरण करीत नाही, तो दुसऱ्या कोणास नव्हे, तर स्वतःसच फसवितो. हा बोध मनात नीट उतरावा म्हणून एक साधा दाखला घेऊ.

नांगरटीस निरुपयोगी झालेला जुना ट्रॅक्टर कोठे कोठे लाकूड कापण्याच्या करवतीस जोडतात. तो करवतीपासून काही अंतरावर, अगदी सरळ रेषेत उभा करितात, चाकांखाली ठोकळे देतात, आणि त्याच्या पुलीवरून करवतीच्या पुलीवर लांब सपाट पट्टा चढवितात. पट्टा ढिला राहिला तर घसरतो. फाजील ताणला तर बेअरिंग लवकर झिजते. पुली मध्यभागी किंचित फुगीर असते, म्हणून पट्टा मधोमध राहातो. करवत ओंडक्यात शिरली की भार वाढतो. तेव्हा गव्हर्नर इंजिनास अधिक तेल देऊन वेग सांभाळितो. तुमच्या गावच्या पिठाच्या चक्कीतही पट्ट्याचा हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. शक्ती इंजिनाची, करवतीचे काम इतकेच की, ती घ्यावी आणि लाकूड कापावे.

हीच रचना एके काळी मुंबईत परळ व लालबाग येथे फार मोठ्या प्रमाणावर होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून ताडदेव येथे उभारलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे हा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला. त्या जुन्या गिरण्यांत प्रत्येक साच्यास निराळे इंजिन नसे. एकच वाफेचे इंजिन छताजवळचे लांब दांडे फिरवी, आणि त्या दांड्यांवरून एकेक पट्टा खाली एकेका साच्यास येई.

मग एकच साचा थांबवावयाचा झाला, तर काय करीत? एका धाग्यासाठी सारी गिरणी तर बंद करिता येत नाही. म्हणून साच्याच्या धुऱ्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत. एक पक्की बसविलेली, दुसरी मोकळी. धागा तुटला की पट्टा मोकळ्या पुलीवर सरके. पट्टा तोच, इंजिन तेच, पुलीही गरगर फिरतच असे. परंतु साचा उभा! दुरून पाहणारास वाटे, काम जोरात चालले आहे. खरे काय ते कापडाकडे पाहिल्यावरच कळे.

प्रियजनहो, हा दाखला प्रथम आम्हा पाळकांसच लागू आहे. आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा लागोपाठ तीन रविवार उपासनेस आली नाही. त्या तिन्ही रविवारी आम्ही उपदेश केला. त्यांतील एक तर शेजाऱ्यावरील प्रीतीविषयीच होता. ती तापाने अंथरुणास खिळली होती, आणि परळच्या तिच्या चाळीचा जिना आमच्यापैकी कोणीही चढले नाही. तिला पेज करून देत होती ती शेजारची परधर्मीय बाई. आम्ही फिरत होतो, पण कापड तिने विणले.

तथापि मोकळी पुली वाईट नव्हे. धागा जोडावयास विसावा लागतोच. शोक, आजार, थकवा यांत देवही आपल्या लेकरांस विसावा देतो. परंतु ती विसाव्याची जागा आहे, वस्तीची नव्हे. धागा जोडला की विणकर दांडी सरकवून पट्टा पुन्हा पक्क्या पुलीवर घेई. त्यासाठी त्याला नवे इंजिन आणावे लागत नसे. पक्की पुली अगदी लगत असे.

त्या गिरण्यांचे दिवस गेले. विजेच्या मोटारी आल्या. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आता काही धुराडी तेवढी उभी आहेत. काम करण्याचा समय कोणासही सदासर्वकाळ मिळत नाही.

म्हणून, उपदेशकहो व मंडळीतील प्रियजनहो, येत्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे: मी गीते गाइली, प्रार्थना केली, वचन ऐकले, पण माझ्या साच्यावर हातभर तरी कापड निघाले काय? निघाले नसेल, तर निराश होऊ नका. ज्याची शक्ती आहे, तो थकलेला नाही. उठा, आणि ज्या घरी जावयाचे राहिले आहे, त्या घरी आजच जा. प्रभु आपणां सर्वांस तशी कृपा देवो. आमेन.