राघूची मादी

जात्यावरच्या ओव्यांत मुलगा राघू असतो आणि लेक मैना. बालाघाटाच्या रांगेत, धारूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पहाटे दळणाऱ्या बायकांनी ही दोन पाखरं पिढ्यानपिढ्या शेजारी बसवली. त्या जोडीत एक पाखरू मात्र कायम गैरहजर राहिलं, ते म्हणजे राघूची मादी. मैना तिच्या जागी बसू शकत नाही; ती साळुंकीच्या गोतातली. राघूची खरी सोबतीण त्याच्यासारखीच हिरवी, त्याच्यासारखीच लाल बाकदार चोचीची. तिच्या गळ्याला ठसठशीत कंठ नसतो, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक.

आणि हा फरकही लगेच दिसत नाही. जुन्या तटांच्या भेगांत, वडापिंपळाच्या ढोलीत वाढलेलं पोपटाचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा ते नर असो की मादी, दिसतं मादीसारखंच. नराला कंठ फुटायला दीड ते तीन वर्षं लागतात. तोवर निसर्ग उत्तर देत नाही. पाळणाऱ्यानं त्या उत्तराची वाट पाहण्याचाही आता प्रश्न नाही, कारण हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणंच गैर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं या सगळ्यालाच मनाई केली आहे, आणि मला ते मनापासून योग्य वाटतं. त्यामुळे पोपटाची जोडी लावण्याचा छंद आता परदेशी जातींवर आला आहे. लहान गावांतही हौशी पोरं जाळीचे पिंजरे करतात, त्यांत आडवी मडकी टांगतात, राळा आणि बाजरी घालतात, समुद्रफेसाचा तुकडा तारेत अडकवतात. बाजारात ज्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातलं बजरिगार असतं. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला.

बजरिगारचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती जी मांसल पट्टी असते, ती पाळणारे ‘नाक’ म्हणून ओळखतात. मोठ्या नराचं नाक निळं. मादीचं फिकट पांढुरकं, आणि ती अंड्यावर येऊ लागली की तपकिरी, खरखरीत. पण पिल्लांची नाकं सारखीच गुलाबी-जांभळी असतात, आणि पिवळ्या लुटिनो किंवा पांढऱ्या अल्बिनो नराचं नाक मोठेपणीही निळं होत नाही. दुकानदार छातीठोकपणे सांगतो ती जोडी म्हणूनच कित्येकदा दोन नरांची निघते. कॉकाटेलमध्ये शेपटीच्या पिसांच्या खालच्या बाजूचे आडवे पट्टे पाहतात. पहिली पिसं झडल्यावर नराचे ते जातात, मादीचे राहतात. रंग बदललेल्या जातींत तिथेही डोळे फसतात.

खरी परीक्षा गुलाबी चेहऱ्याच्या लव्हबर्डची. नर-मादीत बाहेरून काहीच फरक नाही. जाणती माणसं बोटानं कमरेची हाडं चाचपतात: फट रुंद असेल तर मादी, अरुंद असेल तर नर. कुणी कागद टाकून पाहतं. मादी चोचीनं कागदाच्या लांबट पट्ट्या कातरते आणि पाठीमागच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. नराला हे सहसा जमत नाही. या खुणा मी कमी लेखत नाही. त्यांच्यामागे पाखराकडे तासन्‌तास पाहण्याची चिकाटी आहे. पण दोन माद्या एकत्र राहिल्या तर त्या एकमेकींना भरवतात, एकमेकींची पिसं साफ करतात, घरटं करतात आणि दोघीही अंडी घालतात. मडक्यात आठ-दहा अंडी दिसली की पाळणारा हरखतो. मग दिवस उलटतात, अंडी फळत नाहीत, आणि त्याला वाटतं पाखरात काही दोष आहे. दोष पाखरात नव्हता, त्याच्या समजुतीत होता. दोघींचं एकत्र राहणं मात्र खरंच होतं.

आज छातीवरची चार पिसं मुळासकट घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवली की काही दिवसांत लेखी उत्तर येतं. पूर्वी त्यासाठी पाखराला भूल देऊन डाव्या कुशीला छेद घ्यावा लागे आणि बारीक दुर्बीण आत घालावी लागे. डाव्याच कुशीला, कारण बहुतेक पक्षिणींचा डावा बीजांडकोशच कामाचा असतो. 1998 साली रिचर्ड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतेक सर्व पक्ष्यांना लागू पडणारी डीएनएची चाचणी मांडली. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. सीएचडी नावाचा जनुक दोन्हींवर आहे, पण त्यातला एक तुकडा झेडवर एका लांबीचा आणि डब्ल्यूवर दुसऱ्या. तो तुकडा वाढवून जेलवर पसरला की नराची एक रेघ उमटते आणि मादीच्या दोन.

ग्रिफिथ्स यांनीच त्याआधी, 1995 मध्ये, एका पोपटाचं लिंग सांगितलं होतं. ब्राझीलच्या कुरासा परिसरात 1990 साली स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाचा एकच रानटी पक्षी उरल्याचं कळलं. त्याला सोबतीण द्यायची तर आधी तो नर की मादी हे कळायला हवं होतं, आणि रानातल्या शेवटच्या पाखराला पकडून चाचपण्याची जोखीम घेणं शक्य नव्हतं. गळून पडलेल्या पिसावरून उत्तर मिळालं: नर. बंदिवासातली एक मादी त्याच वर्षी त्या रानात सोडली. काही आठवड्यांतच ती दिसेनाशी झाली. एवढ्या वर्षांच्या एकटेपणात त्या नरानं वेगळ्याच जातीच्या एका मकाव मादीशी संग जोडला होता, आणि पुढेही तो तिच्याजवळच राहिला. 2000 सालानंतर तो कुणाला दिसला नाही. ओवीतल्या राघू-मैनेचं इतकं खरं, इतकं व्याकूळ करणारं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. 2022 मध्ये बंदिवासात वाढलेले स्पिक्स मकाव त्याच प्रदेशात पुन्हा सोडले गेले. त्यांच्या जोड्या लावताना कोण नर आणि कोण मादी हे ठाऊक असणं ही पहिली अट होती. एक आख्खी जात त्या उत्तरावर टेकली होती.

झेड आणि डब्ल्यूची ही गोष्ट धारूरात बसून लिहिताना मला इथेच सोडून देता येत नाही. पक्ष्यांत पिल्लाचं लिंग आईच्या अंड्यावर ठरतं: तिनं झेड दिला तर नर, डब्ल्यू दिला तर मादी. माणसांत उलट आहे. आईकडे द्यायला फक्त एक्स असतो. वाय आला तर तो बापाकडूनच येतो. हे शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे, शाळेच्या पुस्तकातही आहे. तरी लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेलाच बोल लावणारी घरं आपल्या बीड जिल्ह्यात होती, आहेत. पोपटिणीच्या बाबतीत जे खरं ठरलं असतं ते आपण बाईच्या माथी मारलं.

आणि नुसतं बोल लावून थांबलो नाही. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 च्या जनगणनेत 894 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 807 उरल्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 साली, महाराष्ट्रानंच केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तो असतानाही सोनोग्राफीच्या पडद्यापुढे तो प्रश्न विचारला गेला आणि उत्तर विकलं गेलं. 2012 मध्ये परळीतल्या एका रुग्णालयात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि मग सगळा देश बीडकडे पाहू लागला. परळी धारूरपासून लांब नाही.

‘नर की मादी?’ पिंजऱ्यापाशी आणि सोनोग्राफीच्या खोलीत प्रश्न तोच. म्हणून जाणण्याची इच्छाच वाईट, असं मला म्हणता येत नाही. पिंजऱ्यापाशी तो प्रश्न जन्मलेल्या जिवाबद्दल विचारला जातो, त्याला सोबत मिळावी म्हणून. आणि उत्तर काहीही आलं तरी जोडीला दोन्ही लागतात. दुसऱ्या खोलीत उत्तर येण्याआधीच एक उत्तर नको असतं. ज्ञानाचं साधन दोन्हीकडे निर्दोष आहे. दोष त्या आधीच ठरवून आणलेल्या नकोपणात आहे.

माणूस पाखरांशी मात्र नेहमी बरा वागतो, असं यातून कुणी समजू नये. अंड्यांच्या व्यवसायात एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखण्याची कला जपानी शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात जगाला शिकवली. तिचा उपयोग नर पिल्लं वेगळी काढून त्याच दिवशी मारण्यासाठी झाला, कारण ती अंडी देत नाहीत. तिथे नर नको, इथे मुलगी नको. हिशेबाची वही कशाची, त्यावर नकोसा जीव ठरतो. जर्मनीनं 2022 पासून ही प्रथा कायद्यानं थांबवली.

खुद्द पोपटांतही एक अवघड उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एक्लेक्टस पोपटाचा नर हिरवा, मादी लालभडक. इतका फरक, की युरोपातले अभ्यासक त्यांना दोन वेगळ्या जाती मानत. 1874 मध्ये ए. बी. मायर यांनी दोन्ही एकाच जातीचे नर-मादी असल्याचं मांडलं. रॉबर्ट हाइनसोन यांनी या पोपटांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बंदिवासातल्या एका मादीनं ओळीनं 20 नर पिल्लं दिल्यानंतर पहिली मादी दिली, अशी नोंद त्यांनी केली. 2011 च्या शोधनिबंधात त्यांनी त्याहून कठोर गोष्ट लिहिली. पावसाचं पाणी शिरणाऱ्या वाईट ढोलीत एक मुलगा आणि एक मुलगी जन्मली, तर आई कित्येकदा मुलाला मारते. मुलगी काही दिवस आधी उडते, तेव्हा ढोली बुडण्याआधी निदान ती वाचण्याची शक्यता जास्त.

हे वाचून कुणी म्हणेल, निसर्गातही निवड आहे. आहे. पण ती आई बुडणाऱ्या ढोलीत दोनातलं एक वाचवते. चांगली कोरडी ढोली असलेल्या माद्या असं करत नाहीत. आमच्या जिल्ह्यात ज्या घरांनी मुली नाकारल्या त्यांतली सगळी काही बुडत नव्हती. पक्क्या भिंतींच्या, बागायतीच्या घरांनीही नाकारल्या.

जी घरं खरोखर बुडत होती त्यांचं जगणं तर जोडीवरच उभं आहे. दिवाळीच्या सुमाराला धारूर तालुक्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. दोघं मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. तोड, मोळी, गाडी भरणं यांतलं अर्धं काम बाईचं, आणि पालावरचा स्वयंपाक, पाणी, पोरं ही वर तिचीच. ज्या हिशेबात ती निम्मी आहे, त्याच हिशेबानं ती जन्माआधी नको ठरावी, याचा ताळा मला कधीच लागला नाही. 2011 मध्ये मोजलेली ती मुलं आता लग्नाच्या वयात येऊ लागली आहेत, आणि गावोगाव स्थळं मिळत नाहीत म्हणून बापांची झोप उडाली आहे. मुलगी केवळ कुणाची बायको व्हावी म्हणून जन्मावी, असं म्हणणंही मला सहन होत नाही; ती तिची स्वतःची म्हणून यायला हवी होती. पण तुटवड्याचा हिशेब तरी निदान लोकांना ऐकू येतो.

पाखरांकडे परत जाऊ. प्रयोगशाळेचा कागद लिंग सांगतो, जोडी सांगत नाही. जर्मनीत झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आपला जोडीदार आपण निवडलेल्या जोड्यांना लादलेल्या जोड्यांपेक्षा पिल्लं वाढवण्यात 37 टक्के अधिक यश आलं. फिंच म्हणजे पोपट नव्हे, पण पोपट पाळणाऱ्या कुणालाही विचारा. कागदावर बिनचूक असलेली जोडी एकमेकांची बोटं चावून रक्तबंबाळ होताना त्यानं पाहिलेली असते.

म्हणून धारूरच्या एखाद्या हौशी पोराच्या लव्हबर्डचा अहवाल आला आणि दोन्ही माद्या निघाल्या, तर माझं सांगणं एवढंच आहे. त्यांना तोडू नये. मडकं मात्र काढून घ्यावं, नाहीतर त्या पुन्हापुन्हा अंडी घालत राहतात, अंगातला चुना झिजतो आणि एखादीचं अंडं अडकून ती मरते. समुद्रफेस राहू द्यावा. नर आणायचेच तर दोन आणावेत, आधी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवावेत, आणि कोण कुणाच्या बाजूच्या दांडीवर येऊन बसतं हे ठरायला त्यांना एक पावसाळा द्यावा.