गर्भवतीची सिकलसेल चाचणी : तवक्कुल, अमानत आणि पतीचे कर्तव्य



गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती, नंदुरबार अशा जिल्ह्यांत गर्भवती स्त्री पहिल्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली की इतर चाचण्यांबरोबर सिकलसेलसाठीही तिचे रक्त तपासले जाते. बहुतेक वेळा अहवाल निर्दोष येतो आणि विषय तिथेच संपतो. पण ज्या घरी तो सदोष येतो, तिथे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, गर्भात काय आहे हे अल्लाहच जाणतो, मग माणसाने ही उठाठेव कशाला करावी? आणि दुसरे असे की, दोष सुनेच्या रक्तात निघाला, आता मुलाने तपासून घेण्याचे कारणच काय? ही दोन्ही वाक्ये अनेकदा दीनदार माणसांच्या तोंडून येतात. म्हणूनच ती दीनच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकीय बदलामुळे गोल, लवचीक तांबड्या पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराच्या बनतात. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे, सांधे, छाती यांत असह्य वेदना उठतात, पांडुरोग होतो आणि जंतुसंसर्ग लवकर गाठतो. प्रत्येक माणसाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक पित्याकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर तो ‘वाहक’; तो सहसा निरोगी आयुष्य जगतो आणि चाचणीवाचून त्याला याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तर तो ‘रुग्ण’. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते.

हा आजार ‘आदिवासींचा’ आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे काही जण म्हणतात. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे हे खरे; पण विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आढळतो. सौदी अरबच्या पूर्व भागात, कतीफ आणि अल-अहसा येथे, तो मोठ्या प्रमाणावर आहे. तिथला आणि भारतातला जनुकप्रकार इतका सारखा आहे की शास्त्रज्ञ त्याला ‘अरब-भारतीय’ असेच नाव देतात. कोणत्याही कुळाने स्वतःला यातून वगळण्यात अर्थ नाही.

जाणून घेणे आणि तवक्कुल

गर्भाशयात काय आहे हे अल्लाह जाणतो, ही सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीतील शिकवण आपला ईमान आहे. पण आईच्या दंडातून घेतलेले रक्त तपासणे म्हणजे गैबचा दावा करणे नव्हे. वैद्य नाडी पाहतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. अल्लाहने निर्माण केलेल्या साधनांनी, अल्लाहनेच ठेवलेल्या खुणा वाचणे एवढेच त्यात घडते. जन्मणारे मूल किती जगेल, त्याचे रिज्क किती, त्याचे अंतिम भाग्य काय, हे सारे ज्ञान त्याच्याकडेच राहते.

उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना तिकडे प्लेग पसरल्याची वार्ता आली. त्यांनी सहाबांशी मसलत केली आणि परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण त्याच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. चाचणीही अशीच तकदीरच्या आतली आहे.

शिवाय तिचा पहिला लाभ मातेलाच होतो. स्त्री स्वतः रुग्ण असेल तर गरोदरपणात वेदनेचे झटके, तीव्र पांडुरोग आणि रक्तदाबाचे विकार यांचा धोका वाढतो. अशा स्त्रीची प्रसूती सुसज्ज रुग्णालयातच व्हायला हवी. बाळाचा धोका आधी कळला तर जन्मताच त्याची तपासणी होते. लसी, पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया वेळेवर देता येतात. उपचार घ्या, ही प्रेषितांची (स.) आज्ञा पाळण्यासाठी आधी आजार माहीत असावा लागतो.

अर्धे उत्तर पतीच्या रक्तात

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. खरा अन्याय तिथेच आहे. पत्नी वाहक निघाली, एवढ्याने मुलाविषयी काहीच ठरत नाही. पतीचे रक्त निर्दोष असेल तर मूल फार तर वाहक होईल. चिंता तिथेच मिटते. मात्र पतीची तपासणी एचपीएलसीसारख्या पूर्ण पद्धतीने व्हावी, कारण त्याच्यात बीटा थॅलेसेमियाचा वाहकदोष असला तरी मूल रुग्ण होऊ शकते आणि सिकलसेलची साधी चाचणी तो दोष दाखवत नाही.

म्हणजे जो पती ‘मला काय झाले आहे’ म्हणून दवाखान्यात जात नाही, तो आपल्या पत्नीला तिच्या वाट्याचे अर्धे उत्तर नाकारतो. ती मनातल्या मनात झुरते, सासरचे टोमणे ऐकते आणि दिवस निघून जातात. हानी करू नये आणि हानीस हानीने उत्तर देऊ नये, हा शरीयतचा मूलभूत नियम आहे. तो बाजारातल्या व्यवहारालाच नव्हे, चार भिंतींच्या आतही लागू होतो. जनुक ही कुणाची कमाई नव्हे आणि गुन्हाही नव्हे. तो पूर्वजांकडून न मागता आलेला वारसा आहे. त्यावरून पत्नीला हिणवणे, माहेरी पाठवणे, तलाकची भाषा करणे हा उघड जुल्म आहे. तिचा अहवाल शेजारी-पाजारी सांगत फिरणे ही अमानतीत खयानत आहे.

कठीण प्रश्न

दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी करता येते. दहाव्या आठवड्यानंतर वारेच्या पेशी किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासतात. दोन्हींत गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. आणि मूल रुग्ण असल्याचे कळले तर? 120 दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते, या हदीसच्या आधारे त्यानंतरचा गर्भपात मातेच्या प्राणावर बेतल्याशिवाय निषिद्ध मानला गेला आहे. त्याआधीच्या काळाविषयी फुकहांत मतभेद आहेत. मक्केच्या फिकह परिषदेने 1990 साली, तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाने असाध्य व गंभीर व्यंग सिद्ध केले असेल तर 120 दिवसांच्या आत, माता-पित्यांच्या मागणीवरून मुभा दिली. हे दिवस गर्भधारणेपासून मोजायचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबाने ते सुमारे 19 आठवडे होतात. देशाच्या कायद्याच्या अटीही पाळाव्या लागतात.

सिकलसेल या मुभेत बसतो काय? या आजाराचे अनेक रुग्ण उपचारांच्या आधारे शिकतात, कमावतात, संसार करतात. काहींचे आयुष्य मात्र अतिशय यातनामय असते. म्हणून सरसकट ‘होय’ म्हणण्यास मी धजत नाही. प्रत्येक कुटुंबाने तज्ज्ञ डॉक्टर आणि जाणकार मुफ्ती या दोघांसमोर आपली स्थिती ठेवावी. पण विचारायला वेळ उरला पाहिजे. पतीने चाचणी टाळण्यात घालवलेले आठवडे याच मुदतीतून वजा होतात. आणि एवढे निश्चित की चाचणी केली म्हणून गर्भपात बंधनकारक होत नाही, पत्नीवर त्यासाठी दडपण आणण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि आजारी मूल ही अल्लाहची शिक्षा नव्हे.

निकाहपूर्वीच

हा सारा पेच गर्भ राहण्याआधी सुटू शकतो. सौदी अरबमध्ये 2004 पासून निकाहपूर्वी सिकलसेल व थॅलेसेमियाची चाचणी अनिवार्य आहे. अहवालानंतर निर्णय मात्र वधू-वरांवरच सोपवला जातो. आपल्या देशात 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्या कुटुंबांत मामे-चुलत नाती जुळतात. शरीयतने ती वैध ठेवली आहेत, अनिवार्य केलेली नाहीत. आणि घराण्यात हा जनुक असेल तर दोघांत तो असण्याचा संभव वाढतो. मंगनीआधी स्थळाची, शिक्षणाची, उत्पन्नाची चौकशी आपण करतो. त्यात ही एक चाचणी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही असावी.

आणि ज्या घरी आज पत्नीचा अहवाल सदोष आला आहे, त्या घरच्या पतीला एकच विनंती आहे. उद्या सकाळी फज्र अदा करून तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि आपला दंड पुढे करा.

अल्लाह आपल्याला जाणून घेण्याचे धैर्य, जाणल्यावर न्यायाने वागण्याची बुद्धी आणि प्रत्येक आजारी लेकराला शिफा देवो. आमीन.