आजचं चिंतन : उंबरठ्यावर अडलेलं पाऊल



आज ज्ञानेश्वरीचा १३ वा अध्याय, आचार्योपासना. गीतेत हा एकच शब्द आहे, पण माउली त्यावर रमतात ते रमतातच. गुरूसाठी काय काय व्हायचं, याची शिष्याची यादी नीट वाचा. पादुका, छत्र वगैरे ठीक. पण तो म्हणतो, मी पुढे चालून जमिनीचा उंचसखलपणा सांगीन, हात देईन, चूळ भरायचं पाणी मीच होईन अन् ती चूळ टाकायचं भांडंही मीच.

मला ही यादी घरातलीच वाटते. अकोल्याला आमच्या मोठ्याबाबांना पार्किन्सन्स आहे, आणि मोठी आई दिवसभर हेच करते.

लोकांना थरथरणारा हात तेवढा दिसतो. खरी परीक्षा उंबरठ्यावर असते. मोठेबाबा दारात येतात आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. ओढलं तर तोल जातो, "चला ना लवकर" म्हटलं की आणखी अडतात. मोठी आई बाजूला उभी राहून "एक, दोन" मोजते, किंवा फरशीवर चिकटवलेली रंगीत पट्टी ओलांडायला सांगते. पाऊल उचललं जातं! डोपामीन कमी पडल्यानं मेंदूतली आपोआप चालण्याची वाट अडते. कानाला-डोळ्याला खूण मिळाली की दुसरी वाट उघडते. शिष्याचं उंचसखल सांगणं ते हेच.

बाकी सगळा वेळेचा खेळ. लेव्होडोपाची गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच. डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात, म्हणून ती सहसा जेवणाच्या आधी देतात. गोळीचा असर असतो तेव्हा आंघोळ-जेवण उरकायचं. सरळ बसवून छोटे घास. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर उठताना बीपी पडतो. (आणि कोणी सुचवलं म्हणून खाजकुइलीचं चूर्ण परस्पर सुरू करू नका. त्यातही लेव्होडोपाच असतं, म्हणजे डोस वाढतो.) चेहरा ताठरतो, तो राग नव्हे.

मोठ्याबाबांना सगळ्यात लागतं ते शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावणं. अशा वेळी मला अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) आठवतात. तान्हेपणीच दृष्टी गेली. दुसरे वाचून दाखवत, महाराज सांगत, दुसरे लिहून घेत. असे शंभरावर ग्रंथ झाले. हे महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. हात दुसऱ्याचा होता म्हणून ग्रंथ काही दुसऱ्याचा झाला नाही. मोठी आई शेवटचं बटण मोठ्याबाबांसाठी ठेवते. दहा मिनिटं लागतात, ती थांबते.

एका ठिकाणी मात्र मी अडखळतो. माउलींच्या शिष्याचा हट्ट असा की सगळी सेवा एकट्या त्यालाच मिळावी. भक्तीत ते शोभतं. घरात एकटीनं सगळं केलं तर करणारीच अंथरुणाला खिळते. आपण पुण्या-बंगळुरूतून ऑनलाइन गोळ्या मागवतो, ते हवंच. पण रात्री कूस वळवायला आणि बाथरूमला न्यायला कोण उठतं, हे फोनवर एकदा विचारा. दिवाळीला घरी गेलात की गोळ्यांच्या वेळा तिच्याकडून लिहून घ्या, रात्रीचं उठणं तुमच्याकडे घ्या, आणि तिला सकाळी सातपर्यंत झोपू द्या.