गोष्टीला विचारायचे प्रश्न

अमेरिकेतल्या क्युपर्टिनो गावच्या शाळेत सहावी-सातवीतल्या मुलाला इंग्रजीच्या तासाला एक डोंगर काढायला शिकवतात. डावीकडे सपाट रेघ, तिथे पात्रं आणि स्थळकाळ. मग चढ, तिथे गुंतागुंत वाढत जाते. शिखरावर उत्कर्षबिंदू, पलीकडे उतार आणि शेवटी पुन्हा सपाटी, म्हणजे उकल. गोष्ट कोणतीही असो, तिच्यातले प्रसंग या डोंगरावर योग्य जागी लिहायचे. जोडीला नायक, प्रतिनायक, संघर्ष, आशयसूत्र, प्रतीक, निवेदक अशा संज्ञांची यादी, त्यांच्या व्याख्या आणि चाचणी. शेक्सपिअरचं नाटक अभ्यासाला येईपर्यंत ही यादी बरीच लांबलेली असते.

आपल्या मराठी घरांतली मुलं ही यादी चोख पाठ करतात, गुणही मिळवतात. पण आजीने फोनवर सांगितलेल्या गोष्टीत उत्कर्षबिंदू कुठे होता, असं त्याच मुलाला विचारलं तर ते गोंधळतं. ती गोष्ट अभ्यासातली नाही, तिला ही नावं लागत नाहीत, असं त्याने मनाशी धरलेलं असतं. मला याची काळजी वाटते. साहित्यातली प्रत्येक संज्ञा मुळात कुणीतरी, कधीतरी, गोष्टीला विचारलेला प्रश्न असते. प्रश्न विसरून नाव तेवढं पाठ केलं की संज्ञा निर्जीव होते. आणि ज्या मुलाच्या वाट्याला दोन परंपरांचे प्रश्न आले आहेत, त्याने एकाच परंपरेचे प्रश्न विचारत राहणं हे त्याचं मोठं नुकसान आहे.

आधी तो डोंगरच बघू. तो गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाचा. १८६३ साली त्याने नाटकाच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. ग्रीक शोकात्मिका आणि शेक्सपिअरची पाच अंकी नाटकं यांचा अभ्यास करून त्याने नाटकाचे पाच टप्पे मांडले: प्रस्तावना, चढ, शिखर, उतार आणि विनाश. त्याचं शिखर नाटकाच्या मध्यावर असतं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये तिसऱ्या अंकात रोमिओच्या हातून टायबल्ट मारला जातो, त्याला हद्दपार केलं जातं, आणि तिथून सुखाकडे जाणारी वाट बंद होते. शाळेतल्या डोंगराचं शिखर मात्र पुष्कळदा शेवटाजवळ सरकलेलं असतं, कारण तो आता पाच अंकी शोकात्मिकेपुरता राहिलेला नाही; लघुकथेपासून चित्रपटापर्यंत सगळ्यांना लावला जातो. मग मुलं भांडतात, शिखर टायबल्टच्या मृत्यूचं की थडग्यातल्या शेवटच्या प्रसंगाचं? हे भांडण फार चांगलं आहे. फ्रायटागचा प्रश्न एवढाच होता की कोणत्या क्षणानंतर परत फिरणं अशक्य होतं.

हाच प्रश्न गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ला विचारून पाहावा. मानी, हुशार वकील सुधाकर भर कोर्टात अपमानित होतो आणि तळीरामाच्या नादाने पहिला पेला ओठाला लावतो. परतीची वाट तिथेच बंद झाली का? की दारू सोडण्याचा निश्चय करून बाहेर पडलेल्या सुधाकराला जगाने पुन्हा झिडकारलं, तेव्हा? पहिलं उत्तर देणाऱ्याच्या लेखी दोष दारूचा आहे. दुसरं उत्तर देणाऱ्याच्या लेखी दोष मानी स्वभावाचा आणि निष्ठुर समाजाचा. शिखर कुठे मानायचं यावर सबंध नाटकाचा अर्थ बदलतो. संज्ञेचा खरा उपयोग हा, की तिच्यामुळे दोन वाचकांना नेमकं कशावर मतभेद आहेत ते कळतं.

अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्न याहून जुना आणि वेगळा आहे. माणूस चांगला असूनही त्याचा नाश का होतो? त्याचं उत्तर असं की तो दुष्टपणामुळे कोसळत नाही, एखाद्या चुकीमुळे, गैरसमजामुळे कोसळतो. मग परिस्थिती उलटते आणि जे माहीत नव्हतं ते कळतं. 'ईडिपस'मध्ये उलटणं आणि कळणं एकाच वेळी घडतं, म्हणून अ‍ॅरिस्टॉटलला ते नाटक आदर्श वाटलं. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर आपलं सगळं मुलांना देऊन टाकतात. ही चूक प्रेमातून झालेली आहे, म्हणून तर ती बघवत नाही. शेक्सपिअरच्या लिअर राजाशी त्यांचं नातं आहेच, पण लिअर वाटणी करण्याआधी मुलींकडून प्रेमाची कबुली मागतो, बेलवलकर काही मागत नाहीत. एकाच संज्ञेने दोन नाटकं शेजारी ठेवली की असे बारीक फरक दिसू लागतात.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. भरताचं नाट्यशास्त्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यातही कथानकाचे पाच टप्पे आहेत, पण त्यामागचा प्रश्न निराळा आहे. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम: कुणाला तरी काही हवं आहे, त्याने ते मिळवायला सुरुवात केली, धडपड केली, मिळेलशी आशा वाटली, मिळण्याची खात्री झाली आणि अखेर फळ हाती आलं. इथे नाटकाला पुढे नेते ती इच्छा. विघ्नं येतात, पण भांडणारा शत्रू असलाच पाहिजे असं नाही. याला जोडून कथावस्तूचे घटकही पाच: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज अगदी लहान पेरलेलं असतं आणि पुढे पसरत जातं. कथा विस्कळीत होऊ लागली की तिला पुन्हा जोडून घेतो तो बिंदू. दूरवर सोबत करणारं उपकथानक ती पताका, रामकथेतल्या सुग्रीवासारखं. थोडा वेळ येऊन काम करून जाणारं ते प्रकरी, जटायूसारखं.

हे प्रश्न 'शाकुंतला'ला विचारले की फरक उघड होतो. शाळेच्या यादीप्रमाणे विचारलं, इथे प्रतिनायक कोण, तर उत्तर मिळत नाही. दुर्वास? तो रंगमंचावर येतही नाही, त्याचा शाप फक्त ऐकू येतो. दुष्यंत? तो तर शापाने विसरलेला आहे. पण भरताचा प्रश्न विचारा, बीज कुठे आहे? पहिल्याच अंकात तपस्वी राजाला चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद देतात. सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा मुलगा दुष्यंताला भेटतो, तेव्हा ते फळाला आलेलं असतं. मधला शाप, हरवलेली अंगठी, कोळ्याच्या हाती लागलेला मासा, सगळं त्या फळाच्या वाटेवर येतं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा मराठी संगीत नाटकाने इंग्रजी अमदानीतल्या आपल्या प्रेक्षकाला हीच जुनी रचना नव्या सुरांत दिली.

आणि रस. शाळेच्या यादीत वातावरण आणि सूर या संज्ञा आहेत, त्या बहुतेक लेखकाबद्दल आणि लेखनाबद्दल बोलतात. रससिद्धांत बघणाऱ्याबद्दल बोलतो. रंगमंचावरचं दुःख प्रेक्षकाला हवंसं का वाटतं, घरात घडलं असतं तर नकोसं झालं असतं, हा त्याचा प्रश्न. क्युपर्टिनोतल्या वर्गात एखाद्या मुलीने हात वर करून हा प्रश्न विचारला, तर तो तास कायमचा लक्षात राहील.

या वर्गांची रचनाच अशा देवाणघेवाणीला पोषक आहे. सुमारे साठ हजार वस्तीच्या या गावात निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे. शेजारच्या बाकावरच्या चिनी किंवा तैवानी घरातल्या मुलाच्या परंपरेतही चार टप्प्यांची एक रचना आहे: उठाव, विस्तार, वळण आणि मेळ. तिचं मूळ चिनी कवितेत. तिच्यात तिसऱ्या टप्प्यावर कथा अचानक भलतीकडे वळते आणि चौथ्यात सारं जुळून येतं. तिथेही संघर्ष अनिवार्य नाही. एकाच वर्गात गोष्टीला विचारायच्या प्रश्नांचे तीन संच बसलेले असतात, आणि फळ्यावर डोंगर एकच असतो.

तो डोंगर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. त्याची ताकद या गावाला चांगली माहीत आहे. इथल्या डी अँझा कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये २४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्जने मॅकिंटॉश लोकांपुढे आणला. आधी बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचं सावट, मग पिशवीतून बाहेर येणारं यंत्र, मग ते यंत्र स्वतःच्या आवाजात बोलू लागतं. चढ आणि शिखर नेमके जागच्या जागी. फ्लिंट सेंटर २०१९ साली बंद झालं, पण त्या सादरीकरणाची घडण जगभर पसरली.

प्रश्न गंभीर होतो तो मुलं स्वतःची गोष्ट सांगू लागतात तेव्हा. कॉलेजप्रवेशासाठी साडेसहाशे शब्दांपर्यंतचा निबंध लिहायचा असतो. त्याच्या विषयांपैकी एक अडथळ्याबद्दल किंवा अपयशाबद्दल असतो. डोंगरावर वाढलेलं मूल आपल्या आयुष्यात शत्रू शोधू लागतं. सापडला नाही तर वाटतं, माझ्याकडे गोष्टच नाही. धाकट्या भावंडाच्या बाळंतपणाला आलेली आजी सहा महिने राहून परत गेली. त्या सहा महिन्यांत मोठं मूल मराठी बोलायला लागलं. डोंगरावर या आजीला जागा नाही, कारण तिने संघर्ष निर्माणही केला नाही आणि सोडवलाही नाही. प्रकरी हा शब्द माहीत असलेल्या मुलाला मात्र तिची जागा लगेच दिसते. थोडा वेळ आली, आणि तिच्यामुळे पुढचं सगळं शक्य झालं. संज्ञा आपल्याला माणसं दाखवतात किंवा लपवतात, हे मी एवढ्या आग्रहाने का म्हणते ते इथे लक्षात यावं.

म्हणून अमेरिकेतल्या आपल्या मराठी शाळांकडे माझं एक मागणं आहे. बाराखडी, वाचन, सणांची माहिती हे सगळं चालू राहावंच. पण मोठ्या मुलांना गोष्टीबद्दल मराठीत बोलायला शिकवावं. सुरुवातीला व्याख्या नकोत, पाच प्रश्न पुरेत. कुणाला काय हवं आहे? आड काय येतं? परतीची वाट कुठे बंद होते? सांगतंय कोण, आणि त्या सांगणाऱ्याला काय दिसत नाही? शेवटी ऐकणाऱ्याच्या मनात काय जागं होतं? उत्तरं देता देता इच्छा, संघर्ष, उत्कर्षबिंदू, निवेदक आणि रस ही नावं आपोआप येतात, आणि तेव्हा ती पाठ करावी लागत नाहीत.

चौथ्या प्रश्नासाठी दिवाकरांच्या नाट्यछटा घ्याव्यात. १९११च्या सुमारास, ब्राउनिंगच्या एकभाषितांवरून प्रेरणा घेऊन, त्यांनी हा प्रकार मराठीत रुजवला. बहुतेक ठिकाणी एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते त्याच्याच बोलण्यातून कळतं, आणि बोलणाऱ्याला स्वतःबद्दल जे उमगलेलं नाही ते वाचकाला उमगतं. दहा मिनिटांत वाचून होते, मूल उभं राहून करूनही दाखवू शकतं, आणि निवेदकावर किती विश्वास ठेवायचा हा इंग्रजीच्या वरच्या वर्गात येणारा अवघड विषय त्याला मराठीतून आधीच समजलेला असतो.

अशी चिरफाड केली की गोष्टीतली गोडी जाते, अशी शंका पालक घेतात. ताल ओळखणाऱ्याला गाणं कमी आवडतं असं कधी झालेलं नाही. गोडी जाते ती उत्तर आधीच ठरलेलं असतं तेव्हा, आणि ठरलेली उत्तरं पाठ करून घेणारा वर्ग मराठीचा असला तरी तो तितकाच रुक्ष असेल.

माझी अपेक्षा मोठी आहे. क्युपर्टिनोतल्या मराठी मुलाने मराठीतून शिकलेला प्रश्न इंग्रजीच्या वर्गात न्यावा. शेक्सपिअरच्या नाटकात बीज कुठे पेरलं आहे हे विचारावं, आणि बेलवलकरांची चूक कोणती हेही विचारावं. एका परंपरेचे प्रश्न दुसरीच्या कलाकृतीला विचारता येणं हीच साहित्याची खरी समज आहे. तिच्यासाठी लागणारी दोन्ही भाषांची शिदोरी या मुलांकडे आहे. ती उघडून देण्याचं काम आपलं, मोठ्यांचं, आहे.