मुखपृष्ठावरची पाच नावं

परीक्षा जवळ आली की जुन्नर, मंचर, घोडेगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रकल्पांच्या स्पायरल बाइंडिंगची घाई उडते. मुखपृष्ठावर पाच नावं असतात; आतली मेहनत मात्र पुष्कळदा एकाच मुलीची असते. माहिती तिनेच जमवली, रात्री जागून टाइप केली, बाइंडिंगचे पैसेही तिनेच भरले. बाकीच्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक दिल्यापासून असे गट वाढले आहेत आणि ‘मुलांना मिळून काम करताच येत नाही’ ही तक्रारही.

मला ती पटत नाही. यांतल्या कित्येक मुलांच्या घरी पडकई, म्हणजे वाडीने मिळून एकमेकांच्या रानात राबायची रीत, चालत आलेली आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरउतार फोडून भातखाचर काढणं एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून वाडीतली घरं आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात उतरतात. कुणी पहारीने दगड उकरतो, कुणी टिकाव चालवतो. ज्याला पहार पेलत नाही तो मातीच्या पाट्या वाहतो. बांध रचायला जाणता हात लागतो. डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेने याच रीतीला बळ दिलं.

इथे अंग चोरणं अवघड असतं. पाटी भरलेली आहे की अर्धी, हे सगळ्यांना दिसतं; आणि उद्या हीच माणसं आपल्या रानात यायची असतात. प्रकल्पात यातलं काहीच नसतं. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली त्याने ते आकडे प्रसिद्ध केले: आठ जण मिळून ओढत, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असे त्याच्या जेमतेम निम्म्यावर येई. पुढच्या संशोधकांना असंही दिसलं, की आपला वाटा वेगळा कळणार आहे म्हटल्यावर माणसं अंग चोरत नाहीत.

पण ‘आळशी’ हा शिक्का मारताना जपायला हवं. आहुप्याकडच्या मुलाला संध्याकाळची एसटी गाठायची असते. घरी लॅपटॉप नाही, रेंजही धड नाही. गटाची बैठक कॉलेज सुटल्यावर ठेवायची आणि तो आला नाही म्हणून नावं ठेवायची, हा अन्याय आहे. विषय हिरड्याचा किंवा रानभाज्यांचा असेल, तर त्याच्या आजीशी तासभर बोलून तो जे आणेल ते मंचरच्या मुलाला आठवडाभर हिंडून मिळायचं नाही. ‘तुम्हाला नाही जमणार, मीच करते’ म्हणणारी हुशार मुलगीही नकळत दुसऱ्याच्या हातातली पाटी काढून घेत असते.

प्राध्यापकांनी कामं वाटतानाच कोण काय करणार हे लिहून घ्यावं. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःच्या भागाबरोबर सोबत्याच्या भागावरही एक प्रश्न विचारावा. मग एकमेकांचं वाचावंच लागेल. आणि न केलेल्या कामावर नाव घालायचं का, हे बोलणं बाइंडिंगच्या दुकानात नको, पहिल्या पंधरवड्यातच व्हावं. तेव्हा मागे पडलेल्याला काय अडतंय ते विचारायला आणि त्याला झेपेल ते काम द्यायला वेळ हातात असतो.