ऐकणाऱ्याचे दायित्व

'दृष्टीआड सृष्टी' असे आपण म्हणतो, तेव्हा जे डोळ्यांसमोर घडले नाही त्याचा जाब आपल्याला कोणी विचारू नये, एवढाच बहुधा आपला हेतू असतो. ही सवलत कानांनाही मिळावी काय, हा प्रश्न आम्हांस एका चित्रपटामुळे पडला. खरे म्हणजे चित्रपटापेक्षा तो पाहणाऱ्यांच्या बोलण्यामुळे अधिक पडला.

'बर्बेरियन साऊंड स्टुडिओ' हा तो चित्रपट. इंग्रज दिग्दर्शक पीटर स्ट्रिकलंड यांनी तो २०१२ साली केला. कथानक म्हणावे असे त्यात फारसे नाही. १९७० नंतरच्या दशकात गिल्डरॉय नावाचा एक भिडस्त इंग्रज ध्वनिमुद्रक इटलीतल्या एका स्टुडिओत कामासाठी येतो. आजवर त्याने निसर्गविषयक माहितीपटांना आवाज दिलेले. नव्या चित्रपटाच्या नावात घोडेस्वारी आहे, तेव्हा हाही घोड्यांविषयीच असेल अशी बिचाऱ्याची समजूत. निघतो तो चेटकिणींच्या छळाचा भयपट! हा छळ पडद्यावर चालू असतो आणि गिल्डरॉय तो पाहत असतो. आपल्या वाट्याला मात्र त्या आतल्या चित्रपटाची नामावळी तेवढी येते, छळाचे एकही दृश्य येत नाही. आपल्याला दिसतो कलिंगडावर पडणारा कोयता, भोसकला जाणारा कोबी, केस उपटल्याचा आवाज निघावा म्हणून पिरगाळून तोडलेले मुळ्याचे देठ. ऐकू मात्र सगळे येते.

असे आवाज तयार करण्याच्या कामाला सिनेमाच्या धंद्यात, जॅक फोली ह्या अमेरिकन कारागिराच्या नावावरून, 'फोली' म्हणतात. हिचकॉकच्या 'सायको'तील (१९६०) स्नानगृहात जे सुऱ्याचे वार ऐकू येतात, ते खरबुजाच्या जातीच्या एका फळावर केलेले होते. तेव्हा युक्ती जुनीच. स्ट्रिकलंड यांनी केले ते इतकेच, की ज्याला लपवायचे त्या कारागिराला पुढे आणले आणि ज्याला दाखवायचे ते दृश्य पडद्यामागे नेले.

बेळगावात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी आम्ही सात-आठ जणांनी हा चित्रपट एकत्र पाहिला. निपाणीहून आलेले एक तंबाखूचे व्यापारी संपताक्षणीच म्हणाले, "दीड तास भाजी चिरलेली पाहिली. त्यासाठी घरचे स्वयंपाकघर काय वाईट होते?" संगीताचे एक निवृत्त शिक्षक ध्वनिमुद्रणावर बेहद्द खूष होते, किंकाळीनंतरची शांतता किती मापात ठेवली आहे, हे ते टाळी देऊन दाखवीत राहिले. एका तरुण इंजिनिअरला शेवटाचा अर्थ हवा होता आणि तो कोणालाच देता येईना. मंडळीत एक कीर्तनकार होते. ते मध्येच उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले होते. कारण विचारताच म्हणाले, "पाहवेना म्हणून डोळे मिटले, तर जास्तच दिसू लागले."

युरोपातही प्रतिक्रिया साधारण ह्याच वाटांनी गेल्या. समीक्षकांनी कारागिरीची वाखाणणी केली आणि साध्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी 'काही घडतच नाही' अशी तक्रार केली. आमच्या मते हे दोन्ही पक्ष वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. दिसले नाही म्हणून पहिल्याच्या लेखी काही घडलेच नाही. दुसऱ्याला आवाजाची जडणघडण इतकी आवडली, की तो आवाज कोणाच्या वेदनेचा आहे हे विचारण्याची त्याला आठवण राहिली नाही. प्रश्नाच्या जवळ पोचले ते कट्ट्यावर जाऊन बसलेले कीर्तनकार.

निपाणीपासून जवळच, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. भीमाने केलेला कीचकाचा वध त्यात इतका हुबेहूब उतरला होता, की त्या दृश्याला कात्री लागली. चित्र मुके होते. किंकाळी फुटलीच असेल तर ती प्रेक्षकांच्या तोंडून. पुढे 'प्रभात'च्या 'कुंकू'मध्ये (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातले आणि रस्त्यावरचे स्वाभाविक आवाजच वापरले. कानाला विश्वासात घेतले की डोळा आपोआप मागे येतो, हे आमच्या मुलखातील मंडळींना फार पूर्वीच उमगले होते असे म्हणायला हरकत नाही. पण 'सैरंध्री'ला जी कात्री लागली ती स्ट्रिकलंड यांच्या चित्रपटाला कोठे लावणार? गाळावे असे दृश्यच त्यात नाही, आणि आवाज गाळायचा तर तो कलिंगडाचा! भीषण जे काही आहे ते ऐकणाऱ्याने स्वत:च्या मनात रचलेले आहे. ते रचण्याचे श्रेय जर त्याचे, तर दायित्वही थोडेसे त्याचेच नव्हे काय?

येथे एक अवांतर गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती सीमाभागातील प्रेक्षकालाच चटकन जाणवेल. गिल्डरॉयला इटालियन येत नाही. भोवतालची माणसे हसतात, कुजबुजतात, भांडतात. ते आपल्याविषयी आहे की आणखी कशाविषयी, हे त्याला कळत नाही, आणि त्याच्या भीतीचा निम्मा भाग हाच आहे. बेळगाव-निपाणीत मराठी, कानडी, कोकणी कानांवर पडत आपण वाढलो. तरी तापलेल्या दिवसांत रस्त्यावरून घोषणा आली, की तिचा अर्थ कळण्यापूर्वी ती कोणत्या भाषेत आहे हे आपण आधी ऐकतो आणि त्यावरून दार लावायचे की उघडायचे हे ठरवतो. दोन्ही बाजूंना ही सवय आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धात गिल्डरॉयच्या तोंडून एकाएकी इटालियन भाषा येऊ लागते. तेव्हा आमच्या घोळक्यात कोणीतरी हसले, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

आता मूळ मुद्दा. छळाचा आवाज निर्माण करणे हे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दशावतारी खेळात नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतो, बाळगोपाळ ते पाहतात आणि घरी जाऊन निवांत झोपतात. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. कलिंगडाला वेदना नसते. गिल्डरॉयही स्वत:ची समजूत अशीच घालतो. आतल्या चित्रपटाचा दिग्दर्शक तर त्याच्यावर ताण करतो. आपला चित्रपट भयपट नव्हेच, आपण क्रौर्याचे सत्य दाखवीत आहोत, असे तो गंभीरपणे सांगतो. येथवर दोघांनाही संशयाचा फायदा द्यावा लागेल.

परंतु पुढे एक प्रसंग येतो. नव्याने आणलेल्या नटीची किंकाळी पुरेशी खरी वाटत नाही. मग तिच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडला जातो आणि तो वाढवणारा हात गिल्डरॉयचा असतो. काचेपलीकडे ती कळवळते. बटण फिरवणारा तोच सभ्य, भिडस्त माणूस, घरी आई एकटी आहे म्हणून तिच्या पत्रांची वाट पाहणारा! आमच्या दृष्टीने सगळा चित्रपट त्या बटणाशी येऊन थांबतो. भाजीवर चाललेला हात जिवंत माणसावर कधी चालू लागला, हे त्याला कळले नसावे. आणि ज्यांना ते ध्वनिमुद्रण इतके आवडले त्या प्रेक्षकांनाही कळले नसावे.

हे कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम ह्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग मांडला. सामान्य माणसांना बोलावून, शेजारच्या खोलीतील व्यक्तीने चूक केली की तिला विजेचा धक्का द्यायचा, दर चुकीला धक्का वाढवीत न्यायचा, असे सांगण्यात आले. धक्के खोटे होते. त्या व्यक्तीचे ओरडणे, सोडवा म्हणून विनवणे हेही आधी फितीवर मुद्रित करून ठेवलेले होते. म्हणजे तीही एक ध्वनिमुद्रणशाळाच म्हणायची! बटण दाबणाऱ्याला मात्र ते सगळे खरे वाटत होते. भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत असताही ४० पैकी २५ जणांनी ४५० व्होल्टपर्यंतची शेवटची कळ दाबली. तीच व्यक्ती त्याच खोलीत समोर बसवली तेव्हा ही संख्या १६ वर आली. तिचा हात स्वत: धरून पट्टीवर ठेवायचा असे केले तेव्हा १२ वर. ह्या प्रयोगाच्या पद्धतीविषयी पुढे पुष्कळ आक्षेप घेण्यात आले, आणि त्यांपैकी काही आम्हांस रास्त वाटतात. तथापि हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे अस्वस्थ व्हायला होते. आपण समजतो की आर्त हाक ऐकली की माणूस द्रवतो. निम्म्याहून अधिक माणसे ती ऐकूनही जागची हलली नव्हती.

रामायणात ह्याच्या उलट घडते. शब्दवेधी बाणाचा गर्व असलेल्या दशरथाने शरयूच्या काठी अंधारात घागर बुडल्याचा आवाज ऐकला, तो हत्ती पाणी पीत असल्याचा मानला आणि बाण सोडला. श्रावणबाळाची ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि पुत्रशोकाच्या शापापाशी येऊन थांबतो. मधला भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. बाण लागल्यावर दशरथाने माणसाचा विव्हळ ऐकला. त्या क्षणी तो राजा निघून जाऊ शकला असता. अंधार होता, साक्षीदार नव्हता. वाल्मीकींचा दशरथ हातातले धनुष्य गळून पडलेले तसेच टाकून आवाजाच्या दिशेने जातो, जे केले ते पाहतो, मग तीच घागर भरून आंधळ्या मातापित्यांकडे जातो आणि स्वत:च्या तोंडाने सांगतो. बाणाचा अपराध त्याने टळत नाही, शापही टळत नाही. पण ऐकले म्हणून गेला, हे त्याच्या खाती जमा आहे. गिल्डरॉय खुर्चीवरून उठत नाही.

आम्ही वकिली करतो, आणि ह्या बाबतीत कायदा फार थोडे मागतो हे आम्हांस ठाऊक आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, हा १८७२ च्या कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसाच राहिला आहे. ऐकण्याजोगी घटना असेल तर ती ज्याने स्वत: ऐकली त्यानेच सांगितली पाहिजे. एवढ्यापुरता कानाचा मान डोळ्याइतकाच आहे. परंतु ऐकूनही जो गेला नाही, त्याला कायदा सहसा काही विचारत नाही. अपराधाला साहाय्य केले असे ठरायला कृती लागते, किंवा कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य चुकवावे लागते. शेजारी राहणे हे तसे कर्तव्य नव्हे. कायद्याने ह्याहून पुढे जावे असे आम्ही म्हणणार नाही. शेजाऱ्यांनाच आरोपी करू लागलो तर साक्षीला कोण येईल?

तरीही ह्या व्यवसायात एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची धार बोथट व्हायला हवी होती. सुनेला किंवा पत्नीला मारहाण झाल्याचे प्रकरण असते. वाड्यातल्या एका भिंतीपलीकडचा साक्षीदार येतो. सज्जन माणूस असतो, एकादशी चुकवत नाही. तो म्हणतो, "आवाज रोजचाच होता, म्हणून लक्ष दिले नाही." एकाने तर अधिक प्रामाणिकपणे सांगितले, की तो टीव्हीचा आवाज मोठा करीत असे. ते ऐकून आम्हांस युधिष्ठिराचे 'नरो वा कुंजरो वा' आठवले. मूळ भारतात तो 'कुंजर' हा शब्द अस्पष्ट उच्चारतो. आपले कीर्तनकार तेथे श्रीकृष्णाचा शंख वाजवतात आणि त्या नादात तो शब्द बुडतो. ऐकू येऊ नये म्हणून दुसरा आवाज उभा करण्याची युक्ती अशी पुराणाइतकी जुनी आहे. युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे.

अशाच एका प्रकरणात एक वृद्धा साक्षीला आली होती. घरची भाषा कोकणी. भिंतीतून ओरडणे ऐकल्यावर ती उठून त्या घराच्या दाराशी गेली होती आणि तिने कडी वाजवली होती. दार उघडले नाही. तिच्या हातून त्या रात्री आणखी काही झाले नाही. जबानी तिच्या भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवली जात होती, आणि कागदावर आले, 'आरडाओरड ऐकली'. जबानी वाचून दाखवली गेली तेव्हा तिने मान हलवली. आरडाओरड घरात बसून ऐकली, ती म्हणाली; दाराशी गेल्यावर शब्द ऐकला, तो का लिहिला नाही? शब्द होता 'नाका'. नको, असे ती मुलगी म्हणत होती. तो लिहिल्याशिवाय आपण अंगठा उठवणार नाही, असे तिने सांगितले. थोडा वेळ गेला. कोणी घड्याळाकडे पाहिले. मग तो शब्द तिच्या भाषेत जसाच्या तसा लिहिला गेला, शेजारी त्याचा अर्थ लिहिला गेला, आणि तिने अंगठा उठवला.